वाचणाऱ्या माणसासाठी हाताने केलेली भेट: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, खानदेशातील सामानातून

धुळ्याला राहणाऱ्या माझ्या मामांना मी सलग तीन वर्षे वाढदिवसाला पुस्तक दिले आणि तिन्ही वेळा त्या पुस्तकाची प्रत त्यांच्या कपाटात आधीपासून होती. चौथ्या वर्षी मी पुस्तकाच्या आकाराची शोभेची लाकडी पेटी विकत घेऊन दिली. तिच्यात मामी आता रक्तदाबाच्या गोळ्या ठेवतात. पाचव्या वर्षी आजीच्या जुन्या लुगड्याचे बासन, म्हणजे पोथी-पुस्तक गुंडाळायचे वस्त्र, शिवून नेले, तेव्हा मामांनी ते उलटसुलट करून पाहिले, वाचायला घेतलेले पुस्तक त्यात गुंडाळले आणि उशाशी ठेवले. वाचणाऱ्याला पुस्तकासारख्या दिसणाऱ्या वस्तूचे अप्रूप नसते, पण वाचताना हाताशी लागेल अशी वस्तू तो वर्षानुवर्षे वापरतो, एवढे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर मी अशा बऱ्याच भेटी केल्या, त्यांतल्या निम्म्या तरी पहिल्या फटक्यात बिघडल्या. तुमच्या बिघडू नयेत म्हणून हा लेख क्रमवार लिहीत आहे. पहिल्या तीन पायऱ्या सर्वांसाठी आहेत. पुढच्या पायऱ्यांपैकी एक वस्तू निवडून तेवढीच करावी.

१. आधी त्या माणसाची वाचण्याची रीत पाहा

ही पायरी फुकटची आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. ज्यांना भेट द्यायची आहे त्यांच्या घरी एकदा सहज जाऊन बसा आणि काही गोष्टी डोळ्यांखालून घाला. पुस्तक कुठे वाचले जाते: पलंगावर, बंगईवर (झोपाळ्यावर), की जळगाव-भुसावळच्या रोजच्या गाडीत? पान लक्षात राहावे म्हणून खूण घातली जाते, की पानाचा कोपरा दुमडला जातो? समासात पेन्सिलीने लिहिण्याची सवय आहे का? पुस्तके लोकांना वाचायला दिली जातात का, आणि दिलेली परत न आल्याबद्दल कुरकुर ऐकू येते का?

या निरीक्षणावरून भेट आपोआप ठरते. प्रवासात वाचणाऱ्याला बासन उपयोगी पडते. पंख्याखाली टेबलावर वाचणाऱ्याला पाने दाबून ठेवणारी वाळूची पट्टी हवी असते. कोपरे दुमडणाऱ्याला सुंदर खूण दिली तरी तो कोपरेच दुमडतो, त्यामुळे तिथे श्रम वाया घालवू नका. समासात लिहिणाऱ्याला वाचनवही द्यावी. पुस्तके उसनी देऊन पस्तावणाऱ्या माणसासाठी घरच्या वाचनालयाची पेटी करावी. मला विचाराल तर या लेखातील सर्वांत मजेची वस्तू तीच आहे.

जाताना खिशात मोजपट्टी ठेवा आणि त्यांच्या कपाटातील दोन-तीन पुस्तकांची लांबी, रुंदी व जाडी टिपून आणा. बहुतेक मराठी कादंबऱ्या आणि कथासंग्रह डेमी आकाराचे, म्हणजे सुमारे साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असतात, पण जुनी क्राऊन आकाराची पुस्तके त्याहून लहान आणि दिवाळी अंक त्याहून बरेच मोठे असतात. अंदाजाने शिवलेल्या वस्तूत पुस्तक बसत नाही.

२. सामान जमवा

सर्व वस्तूंसाठी मिळून पुढील सामान लागते. एका भेटीसाठी यातले निम्मेही लागणार नाही.

- मोजपट्टी, टोकदार पेन्सिल, कात्री आणि कागद कापायचा कटर
- दाभण किंवा टोचा, मोठ्या नेढ्याची सुई, जाड सुती दोरा आणि मेणाचा तुकडा
- जुने, अनेकदा धुतलेले सुती लुगडे किंवा धोतर, अस्तरासाठी मांजरपाट
- पुठ्ठा, हातकागद, साधे कोरे कागद
- दोन इंची सपाट ब्रश आणि मऊ केसांचा जुना टूथब्रश
- वजनासाठी दोन सपाट फळ्या आणि चार विटा

पुठ्ठा आणि बांधणीचा दोरा स्टेशनरीच्या दुकानापेक्षा छापखान्याजवळच्या बाइंडरकडे चांगला मिळतो. त्याच्याकडे पुठ्ठ्याचे उरलेले काप पडलेले असतात, ते मागायला संकोच करू नका, आणि त्याचे काम चालू असेल तर दहा मिनिटे उभे राहून पाहा. दाभण कशी धरायची हे लिहून समजत नाही.

३. खळ तयार करा

कागद चिकटवण्याचे कोणतेही काम करणार असाल तर आधी खळ करावी. पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉलसारखे चिकटद्रव्य, नव्या वहीला चालते. परंतु कुणाच्या जुन्या पुस्तकाला ते कधीही लावू नये, कारण एकदा वाळल्यावर ते कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ पाणी लावून केव्हाही सोडवता येते, आणि म्हणूनच जुन्या कागदांची डागडुजी करणारे जाणकार तिलाच पसंती देतात.

हे सत्त्व विकत आणण्याची खानदेशात गरज नाही. चैत्र-वैशाखात घरोघरी कुरडयांसाठी गहू भिजत घालतात, ते वाटून, कापडातून गाळून जो चीक तळाशी बसतो, तोच आपल्याला हवा आहे. फक्त तो मीठ आणि हिंग घालण्यापूर्वी मागून घ्या. गहू तीन दिवस भिजल्यामुळे चिकाला आंबूस वास असतो; त्यात स्वच्छ पाणी घालून ढवळावे, बसू द्यावे, वरचे पाणी ओतून टाकावे, आणि वास जाईपर्यंत असे तीन-चार वेळा करावे.

आता एक वाटी घट्ट चिकात अडीच ते तीन वाट्या पाणी घालून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. प्रथम ते दुधासारखे दिसते, मग एकदम दाटते. दाटले म्हणजे झाले असे समजून पुष्कळ जण भांडे उतरवतात आणि मग कागद सुटू लागला की खळीला दोष देतात. दाटल्यावरही आठ-दहा मिनिटे शिजवले पाहिजे, म्हणजे पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी पारदर्शक होते. थंड झाल्यावर गाळणीतून दाबून काढावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी.

जुने बाइंडर किडींना आळा बसावा म्हणून खळीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे. घरात, विशेषतः स्वयंपाकाच्या भांड्यात, तो प्रयोग करू नका.

एक गोष्ट आपल्या हवेबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा खळ लावून कागद उचलेपर्यंत ती वाळलेली असते, आणि पुठ्ठा एका बाजूने सुकून पापडासारखा वाकतो. या दिवसांत चिकटकाम सकाळी आठच्या आत, पंखा बंद करून करावे, आणि चिकटवलेली वस्तू कोऱ्या कागदांमध्ये ठेवून रात्रभर फळ्या-विटांखाली दाबावी. वर्तमानपत्रात दाबू नका, शाई उतरते.

४. बासन शिवणे

मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली म्हणजे ती कायमची बाजूला पडली असा अर्थ झाला आहे. प्रत्यक्षात बासन हे पोथी टिकावी आणि पुन्हा पुन्हा काढून वाचता यावी म्हणून असलेले वस्त्र आहे. धुळ्याला यासाठी दोन चांगल्या जागा आहेत: शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेल्या समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर, आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ. पोथ्या आणि जुने कागद जपणाऱ्या अशा जागी एकदा जाऊन आलात तर आपण कशाचे अनुकरण करत आहोत हे कळेल.

कापड निवडताना नव्या खणाच्या किंवा चमकदार साडीच्या मोहात पडू नका. जुने सुती लुगडे मऊ असते, घडी नीट धरते आणि त्याचा सुटणारा रंग बहुधा आधीच सुटलेला असतो. तरीही परीक्षा घ्याच: कापडावर पांढरे ओले फडके ठेवून त्यावरून गरम इस्त्री दाबा. फडक्याला किंचितही रंग लागला तर ते कापड नको. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो या समजुतीवर मी एकदा विसंबलो होतो, आणि पावसाळ्यात एका मित्राच्या कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ कडेने गुलाबी झाले.

एक इंचापर्यंत जाडीच्या डेमी पुस्तकासाठी शिवून तयार झालेला चौरस वीस इंचांचा असावा, म्हणून कापड एकवीस इंचांचे कापा. तेवढाच मांजरपाट अस्तरासाठी घ्या, पण तो आधी धुऊन, वाळवून आणि इस्त्री करून. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो आणि मग बासनाला चुण्या पडतात.

दोन्ही कापडांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून कडेपासून अर्धा इंच सोडून चारी बाजूंनी शिवा. एका कोपऱ्यात, दोन्ही कापडांच्या मध्ये, एक वार लांबीच्या बंदाचे टोक घालून ते शिवणीत पक्के करा, आणि एका बाजूला तीन इंचांची फट ठेवा. फटीतून कापड सुलटे करून कोपरे दाभणीच्या बोथट बाजूने बाहेर काढा आणि फट हाताने शिवून टाका. यानंतर कडेपासून बोटभर अंतरावर गोधडीला घालतात तसा धावदोरा घाला. तो शोभेचाही असतो आणि दोन कापडे एकमेकांवरून सरकू नयेत म्हणूनही लागतो. टाके सारखे नसले तरी चालेल. माझ्या आजीचेही नव्हते.

गुंडाळण्याची रीत भेटीबरोबर दाखवावी लागते: बासन पतंगासारखे तिरपे पसरायचे, बंद शिवलेला कोपरा उजवीकडे घ्यायचा, पुस्तक मध्यभागी उभे ठेवायचे, आधी खालचा, मग वरचा, मग डावा कोपरा आत घ्यायचा आणि शेवटी बंदाचा कोपरा वरून आणून बंदाचे दोन वेढे द्यायचे. गाठ मारू नका, टोक वेढ्याखाली खोचा.

बासनात कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण कडक वाळवून मलमलीच्या लहान पुरचुंडीत घाला. पानांमध्ये सुटा घातला तर डाग पडतात. वेखंडाचा तुकडाही त्याच पुरचुंडीत चालतो. दरवर्षी पावसाळा संपल्यावर पुरचुंडी बदलावी लागते, हे भेट घेणाऱ्यांना सांगा.

५. वाळूची पट्टी

उन्हाळ्यात पंखा पूर्ण वेगाने चालू असतो आणि दर मिनिटाला पान उडते. त्यावरचा उपाय म्हणजे उघड्या पुस्तकावर आडवी टाकायची जड कापडी पट्टी. जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्या संस्थांमध्येही अशी लांबट वजने वापरतात, कारण ती पान दाबतात पण पुस्तकाच्या कण्यावर जोर देत नाहीत.

घट्ट विणीच्या कापडाची दोन इंच रुंद व चौदा इंच लांब नळी शिवा. गिरणेची किंवा तापीची बारीक वाळू पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा, चाळणीने धूळ काढा आणि सुमारे तीनशे ग्रॅम भरा. नळी दोन-तृतीयांशच भरली पाहिजे. ठासून भरली तर ती लाटण्यासारखी घरंगळते. तोंड दुहेरी शिवून तिच्यावर लुगड्याच्या कापडाची दुसरी खोळ चढवा, म्हणजे ती काढून धुता येईल.

वाळूऐवजी धान्य भरू नका. मी पहिली पट्टी घरच्या दादर ज्वारीने भरली होती, कारण ती हातात छान खुळखुळत होती. श्रावण लागताच तिच्यातून सोंडकिडे बाहेर आले आणि थेट पुस्तकांच्या कपाटात गेले.

६. पानातली खूण: पिंपळपान आणि केळीचा धागा

वहीत ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी होते ही आठवण प्रत्येकाची असते, परंतु नुसते दाबून ठेवलेले पान बहुधा तपकिरी होऊन तुटते. जाळी हवी असेल तर गर कुजवून काढावा लागतो. पूर्ण वाढलेली पण कोवळीक पुरती न गेलेली, तळहाताहून लहान पाने निवडा. झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ती तीन-चार आठवडे गच्चीवर ठेवा आणि दर चार दिवसांनी पाणी बदला. झाकण विसरलात तर डास होतील, आणि वास असा येतो की बादली घराजवळ ठेवण्याचा विचारही करू नका.

घाई असेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पाने पाऊण ते एक तास मंद उकळा. भांडे स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमवर सोड्याची क्रिया होते आणि भांडे काळे पडते. हातमोजे घाला. मग पान ताटात पाण्याखाली सपाट ठेवून मऊ टूथब्रशने नुसते टिपत राहा, घासू नका. गर सुटून शिरांची जाळी उरली की टीपकागदात सुकवा.

अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्या स्नेह्यांना देण्यासाठी मी वीस पाने एकदम उकळली. अकरा फाटली. म्हणून हवी असतील त्याच्या दुप्पट पाने घ्या. जाळी तशीच पुस्तकात घातली तर महिनाभरात चुरा होतो. ती दोन इंच बाय सहा इंचांच्या हातकागदाच्या पट्टीवर पातळ खळीने चिकटवा. लॅमिनेशन मात्र करू नका, त्याच्या कडक कडा पानांना कापतात.

याहून सोपी आणि अधिक टिकाऊ खूण केळीच्या धाग्याची. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात घड उतरले की खोड तोडतात, कारण एका खोडाला एकदाच घड येतो. शेतकऱ्याला विचारून हातभर खोड घ्या, बाहेरचे वाळके पदर टाकून आतला पांढरा पदर सोलून फळीवर पसरा आणि सुरीच्या बोथट पाठीने एकाच दिशेने खरवडत जा. गर आणि पाणी निघून रेशमासारखे धागे उरतात. ते धुऊन सावलीत वाळवा, तीन पेडांची चपटी वेणी घाला, आणि डेमी पुस्तकासाठी ती अकरा इंच ठेवा, म्हणजे वर-खाली थोडी बाहेर राहील. मणी लावायचा तर तो बाहेर राहणाऱ्या टोकालाच. या कामाला जुने कपडे घाला, कारण केळीच्या चिकाचा डाग कशानेही निघत नाही.

७. घरच्या वाचनालयाची पेटी

ही भेट त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरून पुस्तके जातात आणि येत नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयाची सगळी व्यवस्था लहान करून एका पेटीत घालून द्यायची, एवढीच कल्पना. पण ती काटेकोरपणे केली तरच तिची गंमत येते. पेटीत पुढील वस्तू असाव्यात.

दाखल नोंदवही. साध्या लांब वहीत रकाने आखा: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, कोठून आले आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवा. मामांच्या वहीत तिथे 'पावसात भिजले', 'जावईबापूंनी नेले, विषय काढू नये' अशा नोंदी आहेत.

पुस्तकपत्र आणि खिसा. तीन इंच बाय पाच इंचांचे जाड कार्ड, त्यावर नाव, नेल्याची तारीख आणि परतीची तारीख. ते ठेवण्यासाठी हातकागदाचा खिसा. असे पन्नास संच करा. पुस्तक बाहेर गेले की पत्र पेटीत राहते, म्हणजे कोणाकडे काय आहे ते पेटी उघडताच दिसते.

तारीखपट्टी. शेवटच्या कोऱ्या पानावर वरच्या कडेला फक्त एक रेघ खळ लावून चिकटवायची पट्टी.

रबरी शिक्का. 'अमुक यांच्या संग्रहातून' एवढा मजकूर पुरे. इथे मोठा खड्डा आहे. शिक्के करणाऱ्यांच्या संगणकावर पुष्कळदा जुने फॉन्ट असतात आणि तुम्ही मोबाईलवरून पाठवलेल्या मजकुरातील जोडाक्षरे व रफार त्यात हलतात. माझा पहिला शिक्का 'संग्राहतून' असा आला आणि मी तो दुकानात न तपासता घरी आणला. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, पडद्यावर नव्हे तर कागदावर छापून तपासा, आणि शिक्का हाती आल्यावर तिथेच एक ठसा उमटवून प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचा. 'सूर्यवंशी', 'कुलकर्णी' यांसारख्या आडनावांना ही काळजी दुप्पट घ्यावी.

गुप्त पानाची चिठ्ठी. अनेक ग्रंथालये मुखपृष्ठाजवळच्या शिक्क्याखेरीज प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरावीक आतल्या पानावरही शिक्का मारतात, म्हणजे पहिली पाने फाडली तरी पुस्तक ओळखता येते. एका बंद पाकिटात त्या घरासाठीचा पानक्रमांक लिहून द्या आणि तो तुम्हीही कोणाला सांगू नका.

जुन्या, दुर्मीळ किंवा लेखकाच्या सहीच्या पुस्तकांवर शिक्का मारू नये, शाई पाठीमागे उमटते. त्यांच्यासाठी नाव लिहिलेल्या लहान चिठ्ठ्या करून द्या, खळीने लावता येतील अशा. पेटी म्हणून बुटाचे खोके हातकागदाने मढवले तरी पुरते. बुरुडाकडून बांबूची झाकणाची पेटी करून घेतली तर अधिक चांगली, फक्त तिच्या आत कापड लावा, नाहीतर कार्डांचे कोपरे कुसळांत अडकतात.

८. वाचनवही

जाड, अनेक भागांची शिवलेली वही पहिल्या प्रयत्नात करू नका. दहा ए-फोर कागद मधोमध दुमडून चाळीस पानांची वही करा आणि त्यावर हातकागदाचे वेष्टन घाला. दुमडीच्या रेषेवर तीन भोके पाडा: एक मध्ये, दोन कडांपासून दीड-दीड इंचावर. वहीच्या उंचीच्या अडीचपट दोरा घेऊन मेणावरून ओढा. आतून मधल्या भोकातून बाहेर या, वरच्या भोकातून आत जा, आतून थेट खालच्या भोकाकडे जाऊन बाहेर या आणि पुन्हा मधल्या भोकातून आत जा. दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन निरगाठ मारा.

पानांवर छापील रकाने फार नकोत. पुस्तकाचे नाव, कोणाकडून आणले, केव्हा संपले, आणि अर्धवट सोडले असल्यास का, एवढे पुरे. शेवटची सहा पाने मी 'शब्द' या मथळ्याखाली कोरी ठेवतो. आमच्याकडच्या वाचकांना एखाद्या ओळीवरून आजीच्या तोंडचा अहिराणी शब्द आठवतो आणि तो टिपून ठेवायला जागा नसते.

९. कवितेच्या ओळी छापायच्या असतील तर

खुणेवर किंवा बासनावर एखादी ओळ असावी असे वाटणे साहजिक आहे. एकाच माणसासाठी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळीने अडचण येत नाही, परंतु तीच खूण प्रदर्शनात किंवा मोबाईलवरून विकू लागलात तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हा हक्क राहतो. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या ओळी सर्वांना खुल्या आहेत. लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून त्या संग्रहापुरती मुदत २०१२ अखेर संपली. पळसखेड्याचे ना. धों. महानोर २०२३ मध्ये गेले. त्यांच्या ओळी विक्रीच्या वस्तूवर छापायच्या तर २०८३ अखेरपर्यंत वारसांची किंवा प्रकाशकांची लेखी परवानगी लागेल. परवानगी फोनवर न घेता पत्राने किंवा ईमेलने घ्या आणि जपून ठेवा.

बहिणाबाईंच्या ओळींबाबत आणखी एक काळजी घ्यावी. त्यांची बोली डीटीपी करणारा मनुष्य 'चूक' समजून दुरुस्त करतो, आणि मग गाण्याचा ठेका जातो. छापील संग्रह समोर ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहा.

१०. काही लहान पण महागात पडणाऱ्या चुका

वाचण्याजोगे पुस्तक फाडून त्याच्या पानांची फुले, दिवे किंवा तोरणे करू नका. दिसायला ती सुरेख असतात, पण पुस्तकवेड्या माणसासमोर ती ठेवल्यावर त्याची पहिली नजर 'हे कोणते पुस्तक होते' याकडे जाते. वाळवीने खाल्लेले, वाचण्यापलीकडे गेलेले पुस्तकच अशा कामाला घ्यावे.

लोखंडी क्लिप गंजते. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून कागद घेऊनच सुटते. अत्तर लावलेली खूण पानावर तेलकट डाग पाडते. भेटीला हळदकुंकू लावण्याची हौस असेल तर ते बाहेरच्या कागदाला लावा.

११. भेट केव्हा आणि कशी द्यावी

तयार झालेली वस्तू आधी पंधरा दिवस स्वतःच्या पुस्तकाला वापरा. रंग, गाठ, कड यांतील दोष याच काळात उघडे पडतात. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा वाचणाऱ्या बहिणीला बासन द्यायला याहून चांगला दिवस नाही, आणि कुरडयांचा चीकही त्याच सुमारास मिळालेला असतो. पिंपळपानांचे काम मात्र दिवाळीसाठी धरा, पावसाळ्यानंतर पाने चांगली मिळतात.

पार्सलने पाठवायचे असेल तर वाळूची पट्टी रिकामी पाठवून वाळू तिथेच भरायला सांगा, तीनशे ग्रॅमचा खर्च वाचतो. जाळीदार पान दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून चारी बाजूंनी कागदी पट्टीने बंद करा. बासनाच्या पाकिटात त्याच कापडाचा वीतभर तुकडा, त्याच रंगाचा दोरा आणि एक जादा बंद न विसरता घाला, कारण बासनाचा बंद सगळ्यात आधी तुटतो आणि त्या रंगाचे लुगडे पुन्हा मिळत नाही.